मिशीवरचा केस पाहताना आधी भोक शोधा

प्रश्न : कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मिशांचे प्रकार पाठ केले. धाग्यासारखी, कंगव्यासारखी, पिसासारखी, गदेसारखी. पुस्तकात पुढे ‘सेन्सिला’ म्हणून सात-आठ लॅटिन नावं दिली आहेत. सर म्हणाले, परीक्षेपुरतं करा. पण कीटक मिशीने नक्की काय करतो? वास घेतो, ऐकतो की चाचपतो? तोंडाच्या अवयवांवरही हेच असतं का? आणि शेतात याचा काही उपयोग आहे का?

उत्तर :

तिन्ही करतो. शिवाय चव घेतो, हवेतला ओलावा आणि उष्णता ओळखतो, उडताना वाऱ्याचा जोरही मिशीच सांगते. ‘मिशी म्हणजे कीटकाचं नाक’ हे शाळेतल्या मुलांना सांगायला ठीक आहे. कापूस आणि आंब्याच्या किडींमागे पंचवीसेक वर्षं हिंडल्यावर मला मात्र ती गावच्या चावडीसारखी वाटते. सगळ्या खबरा तिथे येतात, पण खबर आणणारा प्रत्येक जण वेगळा, आणि कोणी दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाही.

हे खबरे म्हणजे सेन्सिला. एकच असेल तर सेन्सिलम. कधी केस, कधी खुंटी, कधी तबकडी, कधी खड्ड्यात बसलेला कोंब. बाहेरून दिसतं ते कवचाचंच रूप असतं. आत एक-दोन, चार-पाच, क्वचित डझनावारी चेतापेशी असतात. लॅटिन नावांशी माझं भांडण एवढंच आहे की ती आकारावरून पडली आहेत. ट्रायकोडिया केसासारखा, बेसिकोनिका खुंटीसारखा, सीलोकोनिका खड्ड्यातला, प्लॅकोडिया तबकडीसारखा. पण एक केस मादीचा गंध टिपतो आणि शेजारचा तसाच दिसणारा केस फक्त धक्का ओळखतो. दोघांचं नाव एक, काम वेगळं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी नाव विचारत नाही. भोक कुठे आहे, एवढंच विचारतो.

कीटकाचं अंग कवचात बंद असतं. गंधाचा किंवा चवीचा रेणू आतल्या चेतापेशीपर्यंत पोहोचायचा तर कवचाला वाट हवीच. वास घेणाऱ्या केसाच्या भिंतीला चाळणीसारखी चहूबाजूंनी भोकं असतात. ती इतकी बारीक की मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांएवढी. चव घेणाऱ्या केसाला सहसा एकच भोक, आणि तेही टोकाला, कारण चवीला टेकावं लागतं आणि टेकतं ते टोकच. स्पर्शाच्या केसाला भोक नसतं. बुडाशी लवचीक खोबण असते, त्यात तो हलतो आणि हलला की आतली पेशी जागी होते. ओलावा आणि उष्णता ओळखणाऱ्याला ना भोक ना हलती खोबण, तो बहुधा एखाद्या खड्ड्यात आडोशाला असतो. अपवाद आहेत, पण एवढं पक्कं केलंत तर पुस्तकातलं चित्र आपोआप उलगडतं. अमेरिकेत एलिनॉर स्लायफर या बाईंनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सगळ्यांच्या हाती येण्याआधी साध्या रंगाने ही भोकं शोधण्याची रीत बसवली. मिशी क्रिस्टल व्हायोलेटमध्ये बुडवायची. जिथे वाट आहे तिथूनच रंग आत शिरतो. १९६०ची ही रीत तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही जमेल.

आता वासाचं थोडं खोलात. रेशमाच्या पतंगापासून सुरुवात करावी लागते, कारण कीटकांचा पहिला लैंगिक गंध तिथेच हाती लागला. जर्मनीत ब्युटेनांट या रसायनशास्त्रज्ञांनी १९५९मध्ये सुमारे पाच लाख मादी पतंगांपासून बॉम्बिकॉल हे द्रव्य वेगळं केलं. नराची मिशी कंगव्यासारखी, आणि प्रत्येक मिशीवर हा एकच गंध टिपण्यासाठी सुमारे १७,००० लांब केस. त्या केसातल्या पेशीला जागं करायला बॉम्बिकॉलचा एक रेणू पुरतो. मादीला मात्र स्वतःचा हा गंध येतच नाही. त्याच सुमारास, १९५७मध्ये, डीट्रिख श्नायडर यांनी कापलेल्या मिशीच्या दोन टोकांना तारा लावून तिच्यातला विजेचा ठोका मोजला. कामगंध सापळ्याची गोळी, म्हणजे मादीच्या गंधाने नराला ओढणारं आमिष, तयार करताना कोणतं द्रव्य मिशीला कळतं हे आजही याच पद्धतीने तपासतात. मिशी कापल्यावर काही काळ जिवंत राहते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चमत्कारिक वाटलं होतं.

इथून थेट कापसाच्या शेतात येऊ. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध दोन रेणूंचा आहे. दोन्हींत अणू तेवढेच आणि त्याच क्रमाने, फक्त एका जागचा वाक वेगळा. मादी ते निम्मेनिम्मे सोडते आणि नराच्या मिशीला ते प्रमाण कळतं. हिरव्या बोंडअळीतही दोन मुख्य द्रव्यं आहेत, पण साधारण ९७ला ३ या प्रमाणात. तिच्या सख्ख्या नात्यातली, तंबाखू-मिरचीवर येणारी दुसरी अळी आहे, तिच्यात तीच दोन द्रव्यं उलट्या प्रमाणात असतात. नरांच्या मिशांवर त्या त्या द्रव्याचे केसही त्याच हिशेबाने कमी-जास्त असतात. हे ठाऊक असलं की गोळी कशी हाताळायची हे वेगळं सांगावं लागत नाही. मी स्वतः एका हंगामात दोन्ही किडींच्या गोळ्या एकाच पिशवीतून नेल्या आणि उघड्या हातांनी लावत गेलो. एकाही सापळ्याचा आकडा शेजारच्या आकड्याशी जुळेना. तो पंधरवडा मी वहीतून खोडून टाकला आणि तेव्हापासून हातमोजे घालतो, दर किडीला नवे.

शेतकरी दुसरं विचारतात : सापळ्यात नरच येतात, अंडी तर मादी घालते, मग फायदा काय? नर मोजून आपण मादीचा अंदाज बांधतो. हेक्टरी पाच सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच, आणि सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज आठ पतंग आले की उपाय करायचा, हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब. शेतभर इतका गंध पसरवायचा की नराला मादी कुठे आहे हेच कळू नये, ही दुसरी वाट. तिथे पतंग मरत नाही, त्याच्या मिशीची दिशा चुकते. अमेरिकेत १९७८मध्ये अशा वापरासाठी पहिल्यांदा नोंदणी मिळाली ती गुलाबी बोंडअळीच्याच गंधाला.

मधमाशीचं उदाहरण छोटं आहे, पण परीक्षेत उपयोगी पडेल. कामकरी माशीच्या एका मिशीवर सुमारे तीन हजार तबकड्या असतात, नराच्या मिशीवर त्याच्या पाचपट किंवा जास्तच. फुलं शोधायची, पोळ्याचा कारभार बघायचा तो कामकरीने. नराला शोधायची असते फक्त उडती राणी. कमी काम म्हणून कमी इंद्रियं, असा सरळ हिशेब इथे लागत नाही.

ऐकण्याचं थोडक्यात. नर डासाची पिसासारखी मिशी वास घेतेच, पण ते पीस मुख्यतः कानासाठी आहे. मादीच्या पंखांच्या गुणगुणण्याने ते थरथरतं आणि बुडाशी असलेल्या फुगीर पेरातलं जॉन्स्टनचं इंद्रिय ती थरथर पकडतं. बाल्टिमोरच्या ख्रिस्तोफर जॉन्स्टन यांनी ते १८५५मध्ये वर्णन केलं. डासाच्या नरात तिथे हजारो चेतापेशी असतात, काही जातींत पंधरा हजारांच्या घरात. हिवतापाच्या डासाचे नर दिवसा मिशीवरचे केस मिटून ठेवतात आणि तिन्हीसांजेला, थवे जमायच्या वेळी, उभारतात. संध्याकाळी भिंग घेऊन बसलात तर दिसेल. जॉन्स्टनचं इंद्रिय जवळजवळ सगळ्याच कीटकांत असतं. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे, औषधाच्या निमित्ताने.

मिशीकडून तोंडाकडे येताना मधे फळमाशी घ्यावी, कारण तिच्यात दोन्ही टोकं जुळतात. १९१२च्या सुमारास बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते (ही संस्था पुढे, १९३४च्या भूकंपानंतर, दिल्लीला गेली). गवती चहाच्या जातीतल्या सिट्रोनेला तेलावर फळमाशीचे नर तुटून पडतात हे त्यांनी नोंदवलं, आणि त्यामागचं द्रव्य मिथाइल युजेनॉल असल्याचं पुढे दाखवलं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा याच द्रव्यावर चालतो. माशी लांबून येते ती मिशीच्या जोरावर. पण सापळ्यात तिचा घात करतं तोंड. नर ते द्रव्य चाटतो, कारण त्यापासून तो स्वतःचा मादीला भुलवणारा गंध बनवतो, आणि सापळ्यातल्या बोळ्याला त्याच्याबरोबर लावलेलं कीटकनाशक सोबत पोटात जातं. नुसता वास येऊन भागलं असतं तर त्याने बोळ्याला तोंड लावलंच नसतं. एक ताकीद द्यायला हवी. हाच सापळा कारली-दोडक्याच्या मांडवात लावून ‘माशी येत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. वेलभाज्यांवरच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉल कळत नाही, तिला क्यू-ल्यूर हे दुसरं आमिष लागतं. माशी मांडवात असते, तिच्या मिशीला ती भाषा येत नसते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण पुस्तकं मुखांगांवरचे सेन्सिला दोन ओळींत उरकतात आणि शेतकऱ्याचा पैसा नेमका तिथेच अडकतो.

आधी एक गैरसमज काढू. तोंडावर फक्त चव असते असं नाही. रक्त पिणाऱ्या डासाची मादी आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड मिशीने ओळखत नाही, तोंडाजवळच्या पाल्पवरच्या, म्हणजे तिथल्या बोटासारख्या पेरदार अवयवांवरच्या, खुंट्यांनी ओळखते. पतंगांत हेच काम ओठाच्या पाल्पच्या टोकाला असलेल्या खड्ड्यात चालतं, आणि केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटात मिशीवर. एकच वायू, तीन घरं.

आता पान खाणारे. नाकतोडा किंवा टोळ पानावर उतरला की लगेच चावत नाही. पाल्पची टोकं पानावर टपटप आपटतो, बोटांनी तबला तपासावा तसा. प्रत्येक टोकावर शेकडो सेन्सिला दाटीने बसलेले असतात. १९७२मध्ये इंग्लंडच्या काही संशोधकांनी दाखवलं की टोळाचं पोट भरलं की या सेन्सिलांच्या टोकांची भोकं मिटतात आणि पुन्हा भूक लागेपर्यंत तशीच राहतात. जेवण झालं, दार बंद. मला हे वाचून आजही गंमत वाटते, कारण पोट भरलेल्या माणसाच्या नाकाने एवढी शिस्त पाळलेली मी पाहिलेली नाही.

अळीची गोष्ट याहून सुटसुटीत. तिच्या मिशा म्हणजे तीन पेरांचा ठेंगू कोंब, नीट पाहिल्याशिवाय दिसतही नाही. पण जंभिकेवर, म्हणजे जबड्यामागच्या मॅक्सिला या मुखांगावर, दोन्ही बाजूंना दोन-दोन जाडसर खुंट्या असतात आणि प्रत्येकीत चवीच्या चार पेशी. म्हणजे सगळ्या मिळून सोळा. कुठलं पान खायचं आणि कुठलं सोडायचं याचा बराचसा निकाल तिथेच लागतो. तंबाखूवरच्या शिंगवाल्या अळीच्या जंभिका काढून टाकल्या तर ती एरवी तोंडही लावणार नाही अशी पानं खाते, हे साठच्या दशकातच कळलं होतं. २०१९मध्ये चीनमधल्या संशोधकांनी रेशीम अळीतलं कडू चवीचं एकच जनुक निकामी केलं, तर तुतीशिवाय कशाला न शिवणारी अळी सफरचंदसुद्धा कुरतडू लागली. तुती तिला फार आवडते असं आपण समजत होतो. बाकी सगळं तिला कडू लागतं, असंही म्हणता येईल.

कडूवरून कडुनिंब. १९६२च्या टोळधाडीत दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर फवारलं. टोळ त्या पिकावर उतरले, पण त्यांनी ते खाल्लं नाही. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन तोंडावरच्या ‘नको’ म्हणणाऱ्या पेशीला चेतवतं. पोटात गेलं तर कातही बिघडवतं, पण पहिला अडथळा तोंडाशीच. म्हणून पाच टक्के निंबोळी अर्क मारून दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजायला जाणं चुकीचं. पानावरची नवी कुरतड आणि ताजी विष्ठा मोजा. सगळ्या अळ्यांना कडूपणा सारखा झोंबत नाही हेही लक्षात ठेवा. टोळ फार हळवा, हिरवी बोंडअळी बरीच निर्ढावलेली.

रस शोषणाऱ्यांत चवीची जागा बदलते, आणि माझ्या मते सगळ्या विषयातला सर्वांत कामाचा तुकडा हाच आहे. माव्याच्या सोंडेच्या टोकावरचे केस तपासले तर ते स्पर्शाचे निघतात, भोक नाही. रस ओढणाऱ्या सुयांतही चवीची पेशी नाही. चवीचे सेन्सिला आहेत आत, घशाच्या तोंडाशी, सुयांच्या मुळापाशी. याचा अर्थ असा की माव्याला झाड चाखायचं तर सुई खुपसून थेंबभर रस वर ओढावाच लागतो. पानावर बसून नुसत्या टोकाने चव कळण्याची सोय त्याला नाही. पपईवर मावा वस्ती करत नाही. तो येतो, सुई टोचतो, घोट घेतो, ‘हे आपलं नाही’ असं ठरवतो आणि उडून जातो. एवढ्या चाखण्यात, मिनिटभराच्या आत, रिंगस्पॉट या पपईच्या रोगाचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर पोहोचतो. खानदेशातले पपईवाले मला विचारतात की दर आठवड्याला औषध मारूनही रोग का पसरतो. औषध माव्याला मारेलही, पण चाखून झाल्यावर. म्हणून तिथे भर द्यायचा तो रोगट झाड दिसताक्षणी उपटण्यावर, कडेने मक्यासारखं उंच पीक घेण्यावर आणि रोपवाटिका जाळीत ठेवण्यावर.

आता जॉन्स्टनच्या इंद्रियाकडे परत येऊ. धानावरच्या तपकिरी तुडतुड्यांसाठी पायमेट्रोझिन वापरतात. ते नेमकं कुठे काम करतं हे २०१५मध्ये उलगडलं : कीटकाच्या शरीरातल्या ताण ओळखणाऱ्या तंतुइंद्रियांवर. मिशीतलं जॉन्स्टनचं इंद्रिय हे त्याच कुळातलं, आणि पायांच्या सांध्यांतही तशीच इंद्रियं असतात. औषध लागलं की तुडतुड्याचं अंगावरचं भान सुटतं, सुई नीट टोचता येत नाही आणि तो खाणं सोडतो. मरतो तो पुढच्या काही दिवसांत, उपाशी राहून. शेतकरी दुसऱ्या दिवशी बांधावर जातो, तुडतुडे हलताना दिसतात, आणि तो दुकानदाराशी भांडून त्यावर आणखी एक औषध मारतो. त्या दुसऱ्या औषधात मित्रकीटक मरतात, कोळी मरतात. हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की तुमच्या सरांचं ‘परीक्षेपुरतं करा’ मला पटत नाही.

प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी दोन कामं सुचवतो. एक, मेलेल्या झुरळाची मिशी. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा, पाण्याने धुवा, स्लाइडवर घ्या. सव्वाशेच्या आसपास तरी पेरं मोजता येतील, आणि बुडाच्या खोबणीत बसलेले जाड काटे चारशेपट मोठं करून स्वच्छ दिसतात. भिंतीतली भोकं मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसणार नाहीत, तिथे वर सांगितलेला रंग वापरा, आणि तो हायड्रॉक्साइडमध्ये न घातलेल्या ताज्या मिशीवर. जमलं तर जिवंत झुरळ बरणीत ठेवून बघा : पुढच्या पायाने मिशी वाकवून ते बुडापासून टोकापर्यंत तोंडातून ओढून काढतं. त्या चाळण्या अंगच्या मेणाने बुजतात, म्हणून ही सफाई.

दोन, माशी. घरातली मोठी निळी-हिरवी माशी पकडून दोन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पाठीला मेणाचा थेंब लावून काडीवर चिकटवा. शुद्धीवर आली की तिचे पुढचे पाय साखरेच्या पाण्याला टेकवा. सोंड सर्रकन बाहेर येते, कारण चवीचे केस पायावरही आहेत. मग सोंडेच्या टोकावरचा एकच केस साखरेच्या थेंबाने ओला करा. एका केसावरही सोंड हलते. हा प्रयोग शंभर वर्षांचा जुना आहे आणि अजून फसत नाही. फसतो तो बहुतेकदा एकाच कारणाने, आणि निम्मी मुलं तेच विसरतात. आधी पाय साध्या पाण्याला टेकवून पाहा. सोंड बाहेर आली तर माशी तहानलेली आहे. तिला पोटभर पाणी पाजा, आणि साध्या पाण्यावर सोंड आत राहायला लागली की मगच साखर द्या.